‘झेनिथ’ : एका शब्दाचा प्रवास

एखाद्या साम्राज्याचें वैभव कळसास पोहोंचलें, असें सांगतांना इंग्रज लेखक पुष्कळदां ‘झेनिथ’ हा शब्द योजतो. ऐकणारास उंच गिरिशिखराचा भास होतो. परंतु या शब्दाच्या मुळाशीं ना शिखर आहे, ना कळस. तेथें आहे केवळ एक दिशा.

डोक्याच्या सरळ वर येणाऱ्या आकाशबिंदूस अरब ज्योतिषी ‘सम्त-अर्-रास’ म्हणत. ‘सम्त’ म्हणजे दिशा, ‘रास’ म्हणजे डोकें. आपल्या ज्योतिषग्रंथांतील ‘खस्वस्तिक’ तें हेंच. बाराव्या शतकांत स्पेनमध्यें अरबी ग्रंथांचीं लॅटिन भाषांतरें होऊं लागलीं, तेव्हां यांतील ‘सम्त’ तेवढा लॅटिनमध्यें शिरला. त्या काळच्या हस्तलिखितांत ‘एम्’ हें अक्षर तीन उभ्या रेघांचें असे. ‘एन्’ व ‘आय्’ मिळूनही रेघा तीनच. नकलकारांनीं एकाच्या जागीं दुसरें वाचलें आणि ‘सेम्त’चें ‘सेनिट’ झालें, असें कोशकार मानतात. मोडी दफ्तरें चाळणारांस याचें नवल वाटणार नाहीं.

चॉसर कवीनें १३९१ च्या सुमारास ‘ॲस्ट्रोलेब’ या वेधयंत्रावर एक ग्रंथ लिहिला. त्यांत शिरोबिंदूस हा शब्द आहेच. पण सूर्य क्षितिजावर ज्या दिशेस उगवतो, त्या दिशेसही चॉसर तोच शब्द लावतो. मूळचा अरबी अर्थ तोंपर्यंत लोपला नव्हता. सतराव्या शतकाच्या आरंभीं मात्र शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’ नाटकांतील प्रॉस्पेरो आपल्या भाग्योत्कर्षास ‘झेनिथ’ म्हणतो. शब्द आकाशांतून माणसाच्या दैवांत उतरला. त्याचा जोडीदार ‘नादिर’, म्हणजे अधःस्वस्तिक, हाही अरबीच. तो अवनतीच्या तळास जाऊन बसला.

तरीही ‘झेनिथ’ म्हणजे शिखर नव्हे. शिखर आपल्या जागीं अढळ असतें, आणि तें सर्वांसाठीं एकच असतें. खस्वस्तिक ज्याचें त्याचें निराळें. मुंबईकराच्या डोक्यावर सूर्य वर्षांतून दोनदां, मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस, बरोबर येतो. लंडनकराच्या डोक्यावर तो कधींच येत नाहीं. आणि येथें आला तरी क्षणभरच. लागलीच तो पश्चिमेकडे कलूं लागतो. वैभवास ‘झेनिथ’ म्हणणारा लेखक त्याच्या उतरणीचीही सूचना त्याच शब्दांत देऊन जातो, हें वाचकानें ध्यानांत ठेवावें.