सुताची लटी आणि स्वपरीक्षण

डिसेंबर १९३६ मध्ये पिंप्राळ्याच्या याच जिल्ह्यात, फैजपूर येथे, खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन झाले. तेथील खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनामागील विचार दहा महिन्यांनी, वर्ध्याच्या शिक्षणपरिषदेच्या द्वारे, शाळेत शिरला. परिषदेने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने प्रचलित परीक्षापद्धतीवर कठोर टीका करून मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा सिद्ध केला.

१६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. कालच्याहून आज किती सूत अधिक निघाले, हे टकळी फिरविणाऱ्या मुलास गुरुजींना विचारावे लागत नसे. धागा कोठे तुटतो हेही त्यास दिसे. स्वपरीक्षणाचे इतके रोकडे साधन पुस्तकी शाळेजवळ नव्हते.

तथापि, किती काळात किती सूत निघावे, ही अपेक्षा अभ्यासक्रमानेच ठरविली होती. ‘पारख’ हा शब्द ‘परीक्षा’चाच तद्भव, पण पारखणाऱ्यास कसही निवडता यावा लागतो. मुलाच्या हाती आली ती मोजणी, पारख नव्हे. भाषा, इतिहास या विषयांत तर तीही आली नाही, कारण तेथे लटी नव्हती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रगतिपुस्तकात स्वमूल्यमापनास स्थान दिले आहे. त्याचे निकष ठरविताना विद्यार्थ्यास विचारावे की नाही, हा प्रश्न वर्ध्यापासून तसाच राहिला आहे.