शर्यत कोठून पाहावी?

मोटारींची शर्यत तुमच्यापैकी थोड्यांनीच पाहिली असेल. पण शर्यत कोठून पाहावी हा प्रश्न काही तुम्हाला नवा नाही. शंकरपटाला गेलेला माणूस आधी जागा हेरतो. कोणी बांधावर उभा राहतो, कोणी झाडावर चढतो, आणि धीट पोरे थेट चाकोरीच्या कडेला जाऊन उभी राहतात. मग एखादा म्हातारा त्यांना दंडाला धरून मागे ओढतो. बैल उधळला म्हणजे काय होते हे त्याने पाहिलेले असते. युरोपात मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या तेव्हा असा म्हातारा तेथे नव्हता, कारण तसला वेग आधी कोणी पाहिलेलाच नव्हता.

२४ मे १९०३ रोजी पॅरिस ते माद्रिद अशी शर्यत सुटली. रस्ता साधाच, गावागावांतून जाणारा, धुळीचा. लोक त्याच्या कडेला नव्हे, चक्क रस्त्यातच उभे. गाडी आली की गर्दी दुभंगायची आणि ती गेली की पुन्हा मिटायची. गाडी हाकणाऱ्याला पुढे रस्ता आहे की माणसे आहेत हेच कळेना. अपघातांमागून अपघात झाले. प्रेक्षक मेले, चालक मेले. मोटारी बनवणाऱ्या रेनो बंधूंपैकी मार्सेल रेनोही त्या शर्यतीतल्या अपघाताने गेला. शेवटी सरकारने बोर्दो येथे शर्यत थांबवली. गाड्या घोड्यांकडून स्टेशनापर्यंत ओढून नेल्या आणि आगगाडीने परत पाठवल्या. मोटारीच्या दिग्विजयाला निघालेल्यांची अशी ही वरात!

मग वेगळी धाव बांधावी असे ठरू लागले. इंग्लंडात १९०७ साली ब्रुकलँड्स येथे सुमारे साडेचार किलोमीटरचे सिमेंटचे गोल मैदान झाले. त्याची वळणे कढईच्या काठासारखी उचललेली होती. काठ जवळजवळ तीस फूट उंच. रीतभात सगळी घोड्यांच्या शर्यतीची. आरंभी चालकदेखील जॉकीसारखे रंगीत अंगरखे घालीत. मैदानाच्या आत एक टेकडी होती, तिच्यावर बसून पुष्कळशी धाव दिसायची. उंचावरून पाहावे, आणि रस्त्यापासून दूर राहून पाहावे, ही समज येथे आली. ती सगळीकडे टिकली मात्र नाही.

का टिकली नाही, हे शिक्षक मित्रांनी वर्गात सांगण्यासारखे आहे. ताशी दोनशे किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात पंचावन्न मीटर जाते. सरळ रस्त्यावर उभे राहिलात तर कानाला आवाज आणि डोळ्याला एक रंगीत रेघ, एवढेच पदरी पडते. खरी गंमत दिसते ती सरळ रस्ता संपून वळण लागते तेथे. तेथे ब्रेक लागतात, मागचा पुढच्याला गाठतो, चालकाचे हात दिसतात. म्हणून जाणता प्रेक्षक वळणावर जातो. पण घाटात एस.टी. वळली म्हणजे आपण कोणत्या बाजूला कलंडतो, आठवा बरे. बाहेरच्या! गाडीचेही तेच, ताबा सुटला की ती वळणाच्या बाहेरच्या अंगाला जाते. म्हणजे सर्वांत चांगली जागा आणि सर्वांत वाईट जागा कित्येकदा एकच असते. इटलीत मोंझा येथे १९६१ साली वळणाच्या तोंडाशी दोन गाड्या एकमेकींना लागल्या. एक बांधावर चढून कुंपणाला टेकलेल्या लोकांवर गेली. चालक फॉन ट्रिप्स गेला आणि त्याच्यासोबत डझनाहून अधिक प्रेक्षक.

तरी सर्वांत मोठा घाला सरळ रस्त्यावरच पडला. फ्रान्समध्ये ल मां येथे १९२३ पासून चोवीस तासांची शर्यत होते. तेथे मोक्याची जागा म्हणजे पिटसमोरची, पिट म्हणजे पेट्रोल भरण्याच्या आणि चालक बदलण्याच्या ओट्या. सगळी धांदल डोळ्यांसमोर. मागच्यांना दिसेना म्हणून लोकांनी शिड्या आणि स्टुले आणलेली. ११ जून १९५५ च्या संध्याकाळी हॉथॉर्नची जॅग्वार ओटीकडे वळण्यासाठी मंदावली. तिला चुकवायला मॅक्लिनची गाडी बाजूला आली आणि मागून भरधाव येणारी लव्हेगची मर्सिडीज तिच्यावर चढून उडाली. ती बुटक्या मातीच्या बांधावर आदळून फुटली आणि तिचे तुकडे गर्दीतून गेले. ऐंशीहून अधिक माणसे मेली. लव्हेगही मेला.

दोष कोणाचा यावर पुढे पुष्कळ वाद झाला. मला विचाराल तर दोष त्या रस्त्याचा होता. १९२३ च्या गाड्यांसाठी योजलेल्या जागेवरून १९५५ च्या गाड्या धावत होत्या, आणि प्रेक्षक होता तेथेच उभा होता. शर्यत थांबवली नाही; लोक एकदम निघाले तर रुग्णवाहिकांचे रस्ते अडतील, असे कारण सांगण्यात आले. ते खोटे म्हणवत नाही, पण ऐकून बरेही वाटत नाही. मर्सिडीजवाल्यांनी रात्रीच आपल्या उरलेल्या गाड्या काढून घेतल्या. स्वित्झर्लंडने तर असल्या शर्यतींवर बंदीच घातली. पुढच्या वर्षीपर्यंत ल मांची ती जागा मोडून नव्याने बांधली गेली. इटलीतल्या हजार मैलांच्या रस्ता-शर्यतीचा शेवट मात्र १९५७ साली आणखी नऊ प्रेक्षकांचा बळी घेऊन झाला. त्यांत पाच मुले होती.

त्यानंतर हळूहळू प्रेक्षक मागे सरकला. मध्ये वाळूचे, खडीचे पट्टे आले, उंच जाळ्या आल्या. मागे सरकला म्हणजे कमी दिसते; मग उंची हवी. इंग्लंडात ब्रँड्स हॅच नैसर्गिक वाटीत वसले आहे, उतारावरच्या गवतात बसले तरी पुष्कळ दिसते. सिल्व्हरस्टोन हे मूळचे विमानतळ, म्हणून सपाट. आपल्याकडे मद्रासजवळचे शोलावरमही तसेच, जुन्या विमानपट्टीवरचे. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला २०११ साली जगज्जेतेपदाची शर्यत झाली, त्या धावेसाठी सपाट जमिनीवर मातीचे चढउतार मुद्दाम करावे लागले.

तुम्ही म्हणाल, आम्ही कशाला जातो तिकडे! पण रॅली तुमच्या दारात येऊ शकते. नाशिककडे अशा गाड्या मातीच्या रस्त्यांवरून धावल्या आहेत, आणि तेथे ना जाळी, ना खडी. १९८६ साली पोर्तुगालच्या रॅलीत रस्त्याला खेटून उभ्या राहिलेल्या गर्दीत गाडी शिरली आणि तीन माणसे गेली. तेव्हा वळणाचे बाहेरचे अंग सोडा. आतल्या अंगाला, रस्त्यापासून लांब, उंच दरडीवर किंवा टेकाडावर जागा धरा. मागे पळायला वाट आहे ना, ते आधी पाहून ठेवा. झेंडेवाला स्वयंसेवक जेथे उभा राहत नाही तेथे तुम्हीही राहू नका. मुलांना हाताशी ठेवा. आणि गाडी गेली म्हणून रस्ता ओलांडू नका. गाड्या अंतराअंतराने सोडलेल्या असतात. पहिलीची धूळ खाली बसण्याआधी दुसरी येते, आणि त्या धुळीत ती तुम्हाला दिसत नाही, तुम्ही तिला दिसत नाही.