डीन स्ट्रीटवरचा ‘चार्ल्स मार्क’

३० मार्च १८५१. इंग्लंडमध्ये जनगणनेची रात्र. लंडनच्या सोहो भागात, डीन स्ट्रीटवरील २८ क्रमांकाच्या घरात वरच्या दोन खोल्यांत एक निर्वासित कुटुंब राहत होते. कुटुंबप्रमुखाचे नाव नोंदवहीत उतरले ‘चार्ल्स मार्क’ आणि व्यवसाय ‘डॉक्टर, तत्त्वज्ञानविषयक लेखक’. हा चार्ल्स मार्क म्हणजे कार्ल मार्क्स.

हा थ्रेड मार्क्सच्या विचारांविषयी नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील एका कुटुंबाचा माग सरकारी दप्तरातून कसा काढतात आणि ते दप्तर कोठे मौन पाळते, हे पाहायचे आहे. हेच घर निवडले, कारण त्याची पत्रे व आठवणीही उपलब्ध आहेत. नोंद आणि पत्र शेजारी ठेवून पडताळा घेता येतो. बहुतेक कुटुंबांच्या बाबतीत ती सोय नसते.

इंग्लंड व वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची मुलकी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. जनगणना दर दहा वर्षांनी होई. १८४१ ची जनगणना संशोधकाला फारसे देत नाही. पंधरा वर्षांवरील माणसांची वये बहुधा पाचच्या पटीत खाली आणलेली आणि परस्परांतील नात्याचा उल्लेख नाही. १८५१ पासून मात्र कुटुंबप्रमुखाशी नाते, वैवाहिक स्थिती, वय आणि जन्मस्थान असे रकाने आले. वंशवृत्ताचा खरा शोध येथून सुरू होतो.

आज आपण पाहतो ते घरोघरी भरलेले मूळ तक्ते नव्हेत. प्रगणकाने ते गोळा करून आपल्या वहीत उतरवले आणि वह्या तेवढ्या उरल्या. परक्या भाषेतले नाव, घाईतले हस्ताक्षर, त्यावरून केलेली नक्कल. एवढ्या प्रवासात मार्क्सचा ‘मार्क’ झाला तर नवल नाही. म्हणून नावाने माणूस सापडला नाही, तर पत्त्याने शोधावा.

आता जनगणनेच्या दोन रात्रींमधील काळाकडे वळू. मार्क्सचा मुलगा हाइनरिख गिडो नोव्हेंबर १८४९ मध्ये लंडनला जन्मला आणि नोव्हेंबर १८५० मध्ये गेला. इंग्लंडच्या कोणत्याही जनगणनेत त्याचे नाव असणे शक्यच नाही. फ्रान्झिस्का १८५१ च्या जनगणनेच्या दोनच दिवस आधी जन्मली आणि एप्रिल १८५२ मध्ये वारली. आठ वर्षांचा एडगर एप्रिल १८५५ मध्ये गेला. कोणी १८५१ आणि १८६१ च्या वह्या तेवढ्या चाळल्या, तर साडेचार वर्षांत या कुटुंबातून निघालेल्या तीन अंत्ययात्रा त्याला दिसणारच नाहीत. त्यासाठी मृत्यूची नोंदवहीच उघडावी लागते. लहान मुलाच्या मृत्यूदाखल्यात व्यवसायाच्या रकान्यात सहसा ‘अमुकाचा मुलगा’ असे लिहून वडिलांचा व्यवसाय देत. मूल ओळखायचे ते त्यावरून.

मात्र फ्रान्झिस्काच्या शवपेटीसाठी एका फ्रेंच निर्वासिताकडून दोन पौंड मागून आणावे लागले, हे कोणताही दाखला सांगत नाही. ते येनी मार्क्सने आपल्या आठवणींत लिहून ठेवले म्हणून कळते.

याच घरात हेलेन डेमुथ ही मोलकरीण होती. जनगणनेच्या रात्री ती सहा महिन्यांची गरोदर होती. त्यासाठी अर्थातच रकाना नव्हता. २३ जून १८५१ रोजी तिला मुलगा झाला, हेन्री फ्रेडरिक डेमुथ. जन्मनोंदीत आईचे नाव आहे. वडिलांचा रकाना कोरा आहे. अनौरस मुलाच्या बापाचे नाव लिहिण्याची सक्ती कायद्याने केलेली नव्हती.

फ्रेडी या कुटुंबात वाढला नाही. तो दुसऱ्या घरी सांभाळायला दिला गेला. तो मार्क्सचाच मुलगा होता असे बहुतेक चरित्रकार मानतात. मुख्य आधार १८९८ च्या एका पत्राचा: मृत्यूशय्येवर एंगल्सने तसे सांगितले, असे त्यात म्हटले आहे. काही अभ्यासक या पत्रावर विश्वास ठेवत नाहीत. कोरा रकाना कोणत्याच बाजूने साक्ष देत नाही, आणि त्याला साक्षीला उभे करू नये हे माझे स्पष्ट मत. तरीही त्याचे मोल आहे. आपल्याकडील कुलवृत्तांत घरचेच लोक लिहितात, त्यामुळे घराला नको असलेला माणूस त्यातून निमूटपणे वगळता येतो. मुलकी नोंदवहीत तो माणूस राहतो, आणि त्याच्याशेजारची रिकामी जागाही राहते.

अनुपस्थितीचा अर्थही जपूनच लावावा. ७ एप्रिल १८६१ च्या जनगणनेवेळी हे कुटुंब ग्राफ्टन टेरेसवर राहत होते. नियम असा की त्या रात्री घरात असलेल्यांचीच नावे लिहायची. आणि मार्क्स तेव्हा बर्लिनमध्ये लासालकडे मुक्कामाला होता. पत्रव्यवहार हाती नसता, तर एखाद्या उतावळ्या संशोधकाने येथे मोडलेला संसार पाहिला असता.

फ्रेडी यंत्रकामगार झाला, कामगार संघटनेचा सभासद झाला आणि १९२९ मध्ये वारला. शंभर वर्षांचे बंधन संपल्यावर १९२१ च्या जनगणनेची पाने २०२२ मध्ये खुली झाली. त्या जनगणनेच्या रात्री, १९ जून १९२१ रोजी, तो एकोणसत्तर वर्षांचा होता. सत्तरीला चार दिवस कमी. शोधायचे तर मार्क्स नव्हे, डेमुथ या नावाने शोधावे, आणि स्पेलिंगवर फार विसंबू नये.