जुन्या घराची दुरुस्ती: फरशी व इतर साहित्याची खरेदी

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील आपल्या मराठी कुटुंबांची जुनी घरे बहुधा दोन प्रकारची आहेत. बीदरच्या पठारावर तांबड्या जांभ्या दगडाच्या भिंती, तर भालकी, औराद, आळंद या बाजूला काळा दगड व मातीच्या भिंती आणि वर माळवद. खाली मात्र दोन्हीकडे बहुतेक शहाबादी फरशीच असते. घर नवे करायला निघालेले कुटुंब प्रथम टाइल्सच्या दुकानात जाते. आमच्या मते आधी घर कशाचे आहे ते पाहावे, मग खरेदीची यादी करावी.

पुण्या-मुंबईच्या जुन्या घरांत, अंगणांत, मोऱ्यांत जी 'शहाबादी' दिसते तिचे गाव आपल्याच कलबुर्गी जिल्ह्यात आहे. शहाबाद हे सोलापूर-वाडी रेल्वेमार्गावरचे स्थानक. हा दगड म्हणजे भीमेच्या खोऱ्यातला चुनखडीचा दगड. तो थरांनी साचलेला असल्यामुळे खाणीतच सपाट लाद्यांसारखा सुटतो. हाच दगड भाजून दळला की सिमेंट होते, म्हणून वाडी, सेडम, मळखेड येथे सिमेंटचे कारखाने आहेत. पलीकडे तेलंगणात तांडूरला याच जातीचा निळसर-करडा आणि पिवळट दगड निघतो. दुकानात तांडूरची फरशी 'शहाबादी' म्हणून दाखवली तर तो दगड वाईट नसतो, पण भाव तांडूरचा द्यावा.

घरात जुनी फरशी असेल तर ती काढून फेकू नये. पूर्वीच्या लाद्या दीड-दोन इंच जाड असत, तशा आता मागूनही सहज मिळत नाहीत. खोलगट झालेल्या लाद्या उचलून, खाली मुरूम चोपून पुन्हा बसवता येतात आणि जागेवर मशीनने पॉलिश करता येते. उचलण्यापूर्वी खडूने प्रत्येक लादीवर नंबर टाकावा. गवंड्याला हे काम कंटाळवाणे वाटते व तो 'सगळं नवीनच टाकू' म्हणतो. निर्णय आपण घ्यावा. जुने साहित्य नेणारे लोक सागवानी चौकटी आणि फरशी एकत्र उक्ती मागतात. तसे देऊ नये, वेगवेगळा भाव करावा.

नवी फरशी घेताना चौरस फुटाचा भाव विचारतानाच जाडी ठरवून घ्यावी व बिलावर लिहून घ्यावी. लादी उभी धरून नाण्याने ठोकावी. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत थर सुटलेला असतो. पाणी शिंपडून पाहावे. बाकीचा पृष्ठभाग वाळल्यावर जिथे ओली रेघ उरते तिथे चीर असते. हिशोब असा: १२ बाय १५ ची खोली म्हणजे १८० चौरस फूट, तुटफूट धरून १० टक्के जास्त घ्यावी. २ बाय २ च्या ४५ लाद्या लागतात, तिथे ५० आणाव्यात. सव्वा इंच जाडीची अशी एक लादी सुमारे ३० किलो भरते, म्हणजे ५० लाद्यांचे दीड टन होतात. भाडे, हमाली आणि वाटेत फुटलेला माल कोणाच्या अंगावर, हे आधीच बोलून घ्यावे. गाडीत आणि अंगणात लाद्या आडव्या रचू नयेत, कडेवर उभ्या ठेवाव्यात. दोन-तीन घरांनी मिळून एक ट्रक मागवला तर भाडे वाटून जाते.

बीदरकडच्या सभासदांना दुकानात दखनी आणि मराठी पुरते, पण पावती कन्नडमध्ये आली तर सुण्ण म्हणजे चुना, उसुक म्हणजे वाळू, इट्टंगी म्हणजे वीट, एवढे ठाऊक असावे. वाळू 'ब्रास'ने मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट.

चुनखडीचा दगड आम्लाने खातो. संडास साफ करायचे ॲसिड, लिंबू, चिंच यांनी पॉलिश जाते. म्हणून ओट्याला शहाबादीऐवजी ग्रॅनाइट घ्यावे. काळा कडप्पाही चुनखडीचाच, त्यालाही लिंबाचे डाग पडतात.

आता माळवद. या विषयात काटकसर आणि हौस दोन्ही बाजूला ठेवाव्या लागतात. दर पावसाळ्यापूर्वी वर पांढरी माती टाकण्याच्या रीतीने थर वाढत जातो. एक फूट जाडीच्या मातीचे वजन चौरस फुटाला सुमारे ४५ किलो होते. वरच्याच १८० चौरस फुटांच्या खोलीवर ते ८ टन झाले, पावसात भिजल्यावर आणखी जास्त. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हादरा आपल्याकडेही जाणवला. तिकडे सुमारे १० हजार माणसे गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. म्हणून अशा घरात फरशीवर पैसे घालण्याआधी इंजिनिअरला बोलावून जादा माती उतरवावी, तुळयांना वाळवी लागली आहे का ते टोचून पाहावे आणि भिंतीत आरपार दगड व कोपऱ्यांना बांधणी कुठे घालायची ते विचारावे. गळती थांबवायला माळवदावर सिमेंटचा कोबा किंवा फरशी टाकणे म्हणजे ओझ्यावर ओझे.

मातीच्या व जांभ्या भिंतींना नुसता सिमेंटचा गिलावा करू नये. ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात. चुन्याचा गिलावा बरा, मात्र तो जमणारा गवंडी आधी शोधावा. सिमेंट घेताना पोत्यावरचा आठवडा व साल वाचावे. तीन महिन्यांपेक्षा जुने पोते परत करावे.

नळांबद्दल थोडक्यात. चुनखडीच्या भागात बोअरचे पाणी जड असते आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर बसतो. जाळी फिरवून काढता येईल असा, पितळेचा, आयएसआय खुणेचा नळ घ्यावा आणि त्याचा आतला भाग गावात मिळतो का ते विचारावे. भिंतीत पाइप दडवण्याची आता फॅशन आहे. काँक्रीटच्या घरात ती चालते, पण दगड-मातीच्या भिंतीत त्यासाठी झिरी पाडली की भिंत कमजोर होते आणि आत गळती लागली तर माती विरघळेपर्यंत कळतही नाही. अशा घरात पाइप भिंतीवरून, क्लिपा मारून, उघडाच न्यावा. दिसायला साधा दिसतो, पण गळला की लगेच दिसतो.

काम संपल्यावर चार-पाच लाद्या परसात उभ्या ठेवून द्याव्यात. पुढे एखादी फुटली तर त्याच खाणीचा रंग पुन्हा मिळत नाही.