टायटॅनियमच्या सांध्याला ‘पाणी’ कसे देतात?

कळवणच्या शिवारात कांद्याची पात कापणारा विळा बोथट झाला की तो लोहाराकडे जातो. लोहार तो भट्टीत लाल करतो, ठोकतो आणि पाण्यात बुडवून त्याला ‘पाणी’ देतो. पोलादात कर्ब असल्याने या एका बुडीत धार कठीण होते. त्याच शिवारातील एखाद्याची मांडी अपघातात मोडली आणि हाडात टायटॅनियमची सळई बसवावी लागली, तर त्या धातूवर ही युक्ती चालत नाही. त्याचा पृष्ठभाग कठीण करण्याची शास्त्रे निराळी आहेत.

रोपणांसाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम मिश्रधातूत सुमारे ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. त्याचे वजन पोलादाच्या जेमतेम ५६ टक्के, तर ताठरपणा साधारण निम्मा असतो. त्यामुळे शेजारच्या हाडावरही भार येत राहतो आणि ते तुलनेने कमी झिजते. हवेचा स्पर्श होताच या धातूवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. शरीरातील खारट द्रवात गंज न चढण्याचे आणि हाड धातूला थेट बिलगण्याचे श्रेय या पापुद्र्याला जाते. हाड असे बिलगते हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांच्या लक्षात १९५२ मध्ये आले. १९६५ मध्ये त्यांनी त्या आधारे पहिल्या रुग्णाला दंतरोपण केले.

मात्र घासण्याशी या धातूचे मुळीच जमत नाही. घर्षणात पापुद्रा फुटतो, त्याचे कठीण कण समोरच्या प्लास्टिकच्या वाटीत रुततात आणि मग तेच कण धातूला ओरखडू लागतात. १९७० व ८० च्या दशकांत खुब्याच्या सांध्याचा गोळाही टायटॅनियमचा करून पाहिला गेला. काही वर्षांनी सांधा उघडला तेव्हा भोवतीच्या ऊती धातूच्या चुऱ्याने काळ्या पडलेल्या आढळल्या. म्हणून आज हाडात बसणारा दांडा टायटॅनियमचा असतो, पण घासणारा गोळा कोबाल्ट-क्रोमियमचा किंवा सिरॅमिकचा असतो.

त्यावरचा पहिला उपाय म्हणजे प्लाझ्मा नायट्रायडिंग. निर्वात कक्षात थोडा नायट्रोजन सोडून विद्युतदाब दिला की वायू जांभळट प्रकाशाने उजळतो आणि त्याचे आयन तापलेल्या धातूवर आदळून आत झिरपतात. वर टायटॅनियम नायट्राइडचा पातळ थर येतो आणि त्याखाली कठीणपणा हळूहळू उतरत जातो. मूळ धातूचा कठीणपणा विकर्स मापाने साडेतीनशेच्या आसपास असतो, तर नायट्राइडचा दोन हजारांच्या घरात. परंतु यासाठी बहुधा ७०० ते ९०० अंश सेल्सियस तापमान लागते. त्या उष्णतेत धातूचे आतले कण मोठे होतात. पृष्ठभाग ठिसूळ झाल्याने वारंवार वाकण्याचा ताण सोसण्याची ताकदही घटते. दिवसाला हजारो पावले पेलणाऱ्या दांड्यासाठी हा सौदा महागात पडू शकतो. आयन-रोपणात तापमान बेताचे राहते, पण थर एक मायक्रॉनहूनही पातळ मिळतो.

दुसरा मार्ग वरून लेप चढविण्याचा. टायटॅनियम नायट्राइडचा काही मायक्रॉनांचा लेप सोनेरी दिसतो. बाजारात ‘गोल्ड’ म्हणून मिळणाऱ्या गुडघ्यांत सोने नसते, असतो तो अशाच नायट्राइडचा लेप, आणि त्याखालचा धातू पुष्कळदा कोबाल्ट-क्रोमियम असतो. टायटॅनियमवर चढविलेल्या लेपाला आणखी एक भीती असते. मऊ पायावरचे कठीण कवच अंड्याच्या टरफलासारखे तडकते आणि निघालेले तुकडे सांध्यात वाळूसारखे काम करतात. हिऱ्यासारख्या कर्बाचा लेप दिलेले टायटॅनियमचे गोळे १९९० च्या दशकात युरोपात बसविले गेले. प्रयोगशाळेत ते उत्तम ठरले होते, पण बऱ्याच रुग्णांना ते बदलून घ्यावे लागले.

हा प्रश्न केवळ वृद्धांचा नाही. राज्याच्या आदिवासी पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो ऐन तारुण्यात निकामी होऊ शकतो. हाडाचा कर्करोग किशोरवयात गुडघ्याजवळ अधिक होतो. अशा मुलांसाठी स्वदेशी कृत्रिम गुडघा घडविण्याचे काम आयआयटी मुंबई, टाटा स्मारक रुग्णालय आणि हैदराबादच्या एनएफटीडीसी या संस्थांनी एकत्र येऊन केले. सत्तरीत बसविलेला सांधा पंधरा-वीस वर्षे टिकला तरी पुरतो. पंधराव्या वर्षी बसविलेल्याला ते पुरत नाही.

मोडलेले हाड जोडणाऱ्या पट्ट्या व स्क्रू यांना मात्र घासायचे नसते, म्हणून त्यांना असा कठीण थर सहसा लागत नाही. त्यांचे निळे, जांभळे, हिरवे रंग ऑक्साइडच्या जाडीमुळे उमटतात आणि मुख्यतः प्रकार वा माप ओळखण्यासाठी असतात. किमतीत मात्र धातूचा फरक पडतो. केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघा-रोपणाच्या कमाल किमती ठरविल्या, तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमियमसाठी ५४,७२० रुपये, तर टायटॅनियम व ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियम या विशेष धातूंसाठी ७६,६०० रुपये, असे वस्तू व सेवा कर वगळून दर होते. सोनेरी लेपाने झीज कमी होते असे प्रयोगशाळा सांगतात; त्याने सांधा अधिक वर्षे टिकतो हे रुग्णांच्या नोंदींतून ठामपणे सिद्ध झालेले नाही. कोबाल्ट वा निकेलची अॅलर्जी असलेल्यांसाठी त्याचा विचार होतो. शस्त्रक्रियेपूर्वी घासणारा भाग कोणत्या धातूचा आणि लेप कशाचा, हे विचारता येते. रोपणाच्या वेष्टनावरील चिठ्ठी रुग्णालयाच्या कागदांत चिकटवितात, तिच्यावर माप आणि उत्पादनाचा क्रमांक असतो. पुढे सांधा बदलायची वेळ आली, तर नव्या सर्जनला सर्वप्रथम तीच चिठ्ठी हवी असते.