क्रँकच्या पोटातला गाळ

मनगटावरचं घड्याळ खिशात टाका, बाह्या कोपराच्या वर सारा आणि या आत. डोकं सांभाळा, पत्रा खाली आहे. हे कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. मोठी लढाई, म्हणजे दुसरं महायुद्ध, संपून काही वर्षं झालीत. नेमकं साल विचारू नका, इथं वर्ष मोजतात ते गुळाच्या हंगामावर, आणि हंगाम आता सरत आलाय. सकाळचे दहाच वाजलेत, तरी वरचा पत्रा हात लावू देत नाही.

आधी नाकाला काय कळतं ते बघा. शेजारच्या फौंड्रीत कोअर भाजतायत. वाळूत मळी कालवलेली असते, म्हणून तो करपट गोड वास. त्यात रॉकेल, जळकं ऑइल आणि कोपऱ्यातल्या शेगडीवरचा चहा. पलीकडे लेथचा पट्टा फटफट वाजतोय, कुणीतरी घण घालतंय, रस्त्यावर टांगेवाला सायकलवाल्याच्या नावानं ओरडतोय. इथं बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं.

"आरं, हुबा का ऱ्हायलास? धर की ह्यो बाजूचा!"

हे तुम्हालाच. मिस्त्रींना तुमचं नाव ठाऊक नाही आणि त्यांना त्याची गरजही नाही. इथं रिकामे दोन हात दिसले की त्यांना काम लागतं. वाका आणि धरा. हाताला गार, तेलकट, जड लोखंड लागलं ना? ही फोर्डच्या व्ही-एट इंजिनाची क्रँक. कॅनडात बनलेला लष्करी ट्रक, चपट्या नाकाचा, समोरची काच खालून आत झुकलेली. लढाई संपल्यावर डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्कराच्या जुन्या मालाच्या विक्रीत, निघाला, आणि आता शाहूपुरीच्या बाजारातून गुळाचे रवे वाहतो. परवा आंबा घाटात ऑइलचा काटा खाली बसला आणि इंजिनातून ठकठक सुरू झाली.

ड्रायव्हर दारात उकिडवा बसलाय. दोन रात्री झोपलेला नाही, डोळे लाल आहेत. मालकाचं म्हणणं एवढंच, की नवी बेअरिंगं घाला आणि संध्याकाळी गाडी सोडा. मिस्त्री मान हलवतात. "बेरिंग जळालंय ते दिसतंय मालक. पर जळालं कशानं, ते बघाय नगं? आज नवं घातलं तर म्हैन्याभरात परत हितंच याल."

क्रँक लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, अलगद. तीन मेन, म्हणजे क्रँक ज्यांवर टेकून फिरते त्या जागा, आणि त्यांच्या मध्ये चार पिना. इंजिनात सिलिंडर 8 आणि पिना 4, म्हणजे एकेका पिनेवर दोन-दोन कनेक्टिंग रॉड. जळाली ती कुठली, हे तुम्हालाही ओळखता येईल. तिसरीवर बोट फिरवा. निळसर झालीये, नखाला चरे लागतात. त्या चऱ्यांच्या मधोमध एक बारीक भोक आहे. तिथून ऑइल यायला हवं. मिस्त्री त्यात तार घालतात. तार अर्ध्या बोटावर अडते.

आता पिनेच्या बाजूला बघा. तिथं एक गोल लोखंडी बूच ठोकून बसवलंय. मळानं ते इतकं एकजीव झालंय, की दाखवल्याशिवाय दिसायचं नाही. ही पिन आतून पोकळ आहे. मेन बेअरिंगकडचं ऑइल क्रँकमधल्या भोकांतून दाबानं पिनेपर्यंत येतं. क्रँक मिनिटाला हजारो फेरे फिरते. त्या फिरण्यानं ऑइलमधला जड कचरा, म्हणजे कार्बन, धातूचा चुरा, रस्त्याची धूळ, बाहेरच्या अंगाला फेकला जातो आणि त्या पोकळीत थर धरतो. बनवणाऱ्यानं जागा ठेवली ती त्याचसाठी, गाळ तिथं अडकावा आणि बेअरिंगला स्वच्छ ऑइल मिळावं म्हणून. या इंजिनात सगळं ऑइल काही फिल्टरमधून जात नाही, त्यामुळं ही पोकळी फार मोठं काम करते. पण जागा मापाचीच. ती कधीतरी भरणार, आणि भरली की गाळ भोकाच्या तोंडाशी येणार. लढाईपासून आजवर हे बूच कुणी काढलेलं नाही.

ड्रिल हातानं फिरवायचं आहे. तुम्ही फिरवा, मिस्त्री दाब देतील. बुचाच्या मधोमध एक भोक पडलं, त्यात टोकदार सळी अडकवली, ठोकळ्याचा टेकू दिला, एक झटका, दुसरा झटका. खट्. बूच उडून ड्रायव्हरच्या पायाशी पडतं. तो दचकून उठतो आणि आत डोकावतो.

आत ऑइल नाहीच. काळा, गच्च, वाळल्या मेणासारखा गोळा आहे. जळका, आंबूस वास थेट घशात उतरतो. मिस्त्री तुमच्या हातात सायकलचा स्पोक देतात, टोक ठोकून चपटं केलेला. कोरा. घाई करू नका. भोकाच्या कडेला चरा पडला तर तोच उद्या नव्या बेअरिंगला खाईल. गाळ चिमटीत घेऊन चोळून बघा, बारीक चकाकी दिसते ना? ती बेअरिंगचीच पूड.

कपाळावरून घाम डोळ्यांत उतरतोय, आणि पुसायला हात स्वच्छ नाही. चारही पिना अशाच कोरायच्या. जळाली तेवढीच साफ करून भागत नाही. दुसऱ्या पिनेत गाळ निम्म्याच्या वर आहे, पुढच्या घाटात तिचा नंबर होता.

बाहेर अर्ध्या पिंपात कॉस्टिक सोड्याचं पाणी उकळतंय. तोंड लांब ठेवा, वाफ डोळे जाळते. क्रँक साखळीनं आत सोडायची. एक पोरगं पिस्टनही उचलून आणतं, तसे मिस्त्री खेकसतात, "ते नगं! अॅलमिन हाय, खाऊन टाकंल सोडा!"

क्रँक उकळतेय तोवर जेवून घ्या. लाकडाचा भुसा आणि रॉकेल हातावर चोळलं की काळं निघतं, वास राहतो. भाकरी, खर्डा, फोडलेला कांदा. ड्रायव्हर पहिल्यांदाच हसतो आणि त्याच्या डब्यातला गुळाचा खडा तुमच्या हातावर ठेवतो.

दुपारी क्रँक बाहेर येते ती राखाडी, बिनतेलाची. लगेच गरम पाण्यानं धुवायची, पुसायची आणि ऑइल लावायचं, नाहीतर बघता बघता गंज धरतो. प्रत्येक भोकात ब्रश, मग रॉकेलची पिचकारी. आता मिस्त्री पोकळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरतात आणि मेनच्या भोकात पिचकारी मारायला तुम्हाला सांगतात. मारा जोरात! पिनेच्या भोकातून धार उडते आणि थेट मालकाच्या पांढऱ्या धोतरावर. कुणी काही बोलत नाही. मालक धोतराकडे बघतात, धारेकडे बघतात. "गाडी उद्या सोडा," म्हणतात.

आज पिना ग्राइंड होतील आणि भोकं पुन्हा धुतली जातील. मग लेथवर कातलेली नवी बुचं ठोकून बसवायची आणि कडेला पंचनं दाबून पक्की करायची. एखादं सैल राहिलं तर सगळा दाब तिथूनच निघून जाईल. उद्या ठकठक नसेल.

आता घड्याळ मनगटावर बांधा. तुमच्याकडे जुनी मोटार असेल, किंवा आजोबांची मोटारसायकल पुन्हा चालू करायचा विचार असेल, तर एवढं करा. क्रँकमध्ये अशी पोकळी आहे का ते आधी विचारून घ्या. असेल तर ग्राइंडिंगला देण्याआधी सगळी बुचं काढायला लावा आणि ग्राइंडिंग झाल्यावर भोकं पुन्हा धुवून घ्या, कारण दगडाची पूड त्याच भोकांत शिरते. वरून आरशासारखी चमकणारी क्रँक कुणी परत आणून दिली आणि बुचं जुनीच दिसली, तर ती इंजिनात घालू नका.