निविदा खुली, पण स्पर्धा बंद?
तांत्रिक विनिर्देश निःपक्षपातीपणे कसे लिहावेत

ग्रामपंचायतीच्या पाणीयोजनेचा पंप असो वा जिल्हा रुग्णालयातील यंत्रसामग्री, सरकारी खरेदी कोणाच्या पदरात पडणार, हे पुष्कळदा दर उघडण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. जाहिरात, ई-निविदा, दोन लिफाफ्यांची पद्धत असे सारे सोपस्कार यथासांग पार पडले, तरी तांत्रिक विनिर्देश एकाच कंपनीच्या मालाला बेतलेले असतील, तर स्पर्धा केवळ कागदावर उरते. दर चढतात, तक्रारी होतात, फेरनिविदा निघते आणि गाव मात्र पाण्याची वाट पाहत राहते.

नियम काय सांगतात?

केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, 2017 मधील नियम 144 नुसार वस्तूचा दर्जा, प्रकार व परिमाण नेमक्या गरजेनुसार स्पष्ट नमूद करावे लागते. खर्च वाढविणारी अनावश्यक वैशिष्ट्ये त्यात नसावीत. नियम 173 विनिर्देश शक्य तितके व्यापक ठेवण्यास सांगतो. महाराष्ट्रात उद्योग विभागाच्या 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाने खरेदीची नियमपुस्तिका लागू झाली. जागतिक व्यापार संघटनेच्या शासकीय खरेदी करारानुसार व्यापारी नावाचा उल्लेख अपरिहार्य असल्यास 'किंवा समतुल्य' हे शब्द जोडणे बंधनकारक आहे. भारत या कराराचा सदस्य नाही. 2010 पासून तो निरीक्षक आहे. तत्त्व मात्र सर्वत्र उपयोगी पडणारे आहे.

गरज लिहावी, कॅटलॉग नव्हे

3,000 लोकवस्तीच्या गावाचे उदाहरण घेऊ. जलजीवन मिशनच्या दरडोई दररोज 55 लिटरच्या निकषाप्रमाणे 1 लाख 65 हजार लिटर पाणी लागते. पंप 8 तास चालणार असेल, तर ताशी सुमारे 21 घनमीटर विसर्ग हवा. पाइपमधील घर्षण धरून एकूण हेड 60 मीटर असेल, तर '60 मीटर हेडला ताशी किमान 21 घनमीटर विसर्ग', किमान कार्यक्षमता आणि चाचणीची पद्धत एवढे लिहिले, की अनेक उत्पादकांना भाग घेता येतो. याउलट पंपाचे नेमके वजन, मिलिमीटरपर्यंतची बाह्य मापे असा तपशील एखाद्या माहितीपत्रकातून उतरविला, की इतरांसाठी दार बंद होते. पाण्याच्या पीव्हीसी पाइपसाठी आयएस 4985, सळईसाठी आयएस 1786 अशी भारतीय मानके उपलब्ध असताना स्वतंत्र वर्णन रचण्याची गरज नसते.

विनिर्देश सैल ठेवणे हाही उपाय नव्हे. दर्जाची किमान पातळी लिहिली नाही, तर लघुत्तम दराने निकृष्ट माल स्वीकारण्याची वेळ येते. जुन्या यंत्राला जुळणारा सुटा भाग एकाच उत्पादकाकडे मिळत असेल, तर तसे प्रमाणित करून एकल निविदेची तरतूद वापरावी. खुल्या निविदेचा देखावा करू नये.

न्यायालयांची भूमिका

निविदेच्या अटी ठरविण्यात न्यायालये सहसा हस्तक्षेप करीत नाहीत. मात्र जाहीर केलेली अट प्राधिकरणावरही बंधनकारक असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेसंबंधीच्या रमणा दयाराम शेट्टी खटल्यात स्पष्ट केले. उल्हासनगर महापालिकेच्या जकात वसुली निविदेत मुदत संपल्यावर एक अट वगळण्यात आली, तेव्हा 2000 मध्ये न्यायालयाने नव्याने निविदा मागविण्यास सांगितले.

म्हणून शंका निविदापूर्व बैठकीतच निकालात काढाव्यात आणि बदल मुदतीपूर्वी शुद्धिपत्रकाद्वारे सर्वांना कळवावेत. प्रत्येक अटीपुढे तीन प्रश्नांची उत्तरे नस्तीत लिहून ठेवावीत: ही अट कशासाठी, ती किती उत्पादक पूर्ण करू शकतात आणि ती तपासणार कशी? पहिल्याचे उत्तर देता येत नसेल, तर ती अट वगळणेच योग्य.